पियानोवाल्याची आई

माणसाची लबाडी मला वासावरून कळते! शाळेला मी चौथीतच रामराम ठोकला, पण नजर? ती अजून शाबूत आहे. दूधवाल्याने पाणी घातलंय हे मला त्याच्या चालीवरून समजतं. आमच्या ह्यांनी जन्मभर लपून सिगारेटी ओढल्या, आणि एकदाही लपल्या नाहीत!

तर आमची नात विद्यापीठात विलायती शास्त्रीय गाणं शिकते, पियानोच्या साथीवर गातात ते. हो, गाण्याचीही पदवी असते. मला आधी थाप वाटली, म्हणून स्वतः जाऊन विभागाची पाटी बघून आले. वर्षाच्या शेवटी तिथे लोकांसमोर गाऊन दाखवायचं आणि परीक्षकांनी मार्क द्यायचे. मागच्या खेपेला पोरगी दुसऱ्याच गाण्याला शब्द विसरली आणि खांबासारखी उभी राहिली. नापास! ह्या खेपेला तसंच झालं तर गायन विभागातून नाव कटणार. मग तिच्या बापाने बजावून ठेवलंय, गुमान हिशेबाचा कोर्स.

आणि एवढं सगळं टांगणीला असताना, परीक्षेच्या आधी पोरगी अचानक मुकी झाली!

"चहा घेतेस?" मान हलली.

"जिभेला मुंग्या आल्यात का गं?" पुन्हा मान हलली.

मग तिने पेल्यात पाणी घेतलं, त्यात नळी बुडवली आणि डबक्यातल्या म्हशीसारखी बुडबुडे काढत बसली.

सून म्हणाली, "आई, परीक्षेआधी गळ्याला विश्रांती देतात. आणि नळीने आवाज मोकळा होतो."

"आणि फोनकडे बघून हसल्याने काय मोकळं होतं?"

"ते... पियानोवाले असतील. रोज दोघं सराव करतात ना."

"दोघं? कुठे?"

"सरावाच्या खोलीत. एवढीशी असते, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून दार बंद करून..." एवढं बोलून सुनेने जीभ चावली.

दार बंद! मी त्याच क्षणी छत्रीची मूठ तपासून ठेवली.

परीक्षेच्या दिवशी घरच्यांच्या कितीतरी आधी मी विद्यापीठात हजर. सरावाच्या खोल्यांचा तो बोळ काय सांगू! प्रत्येक दाराआडून कोणीतरी किंचाळतंय. दातांच्या दवाखान्यात सगळ्यांच्या दाढा एकदम उपटायला घेतल्यासारखं वाटत होतं! एका दाराआड आमच्या नातीचा आवाज ओळखू आला. पाठोपाठ पुरुषी आवाज, "परत एकदा! माझ्याकडे बघ. मी मान हलवली की श्वास घे!"

मान हलवली की श्वास घे! अहो, लग्नाच्या नवऱ्याने मला कधी असं फर्मान सोडलं नाही!

मी छत्री उगारली, तेवढ्यात मागून कोणीतरी म्हणालं, "आजी, कोणाला शोधताय?"

सहा फुटी, दाढीवाला विद्यार्थी. हातात पाण्याची बाटली. नातीच्याच वर्गातला निघाला. आज पियानोशेजारी बसून सुरांचे कागद उलटायचं काम त्याच्याकडे होतं, कारण वाजवणाऱ्याचे दोन्ही हात गुंतलेले. चेहरा घासलेल्या पातेल्यासारखा लख्ख. अशा माणसाच्या पोटात पाप नसतं, हे मी बघताक्षणी ओळखलं.

"बाळा, माझं एक काम कर. त्या पियानोवाल्यावर नजर ठेव. आमच्या मुलीच्या आसपास फिरकू देऊ नकोस."

"अजिबात काळजी करू नका, आजी. मी सतत तिच्याजवळच असतो."

"गुणी आहेस रे!" मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

तो आत गेला आणि मागे वळते तर काय, त्याच दाराला एक बाई कान लावून उभी! कडक इस्त्री, गळ्यात साखळीचा चष्मा, नाक असं वर की त्यात पाऊस पडावा.

"आत गातेय ती मुलगी कोण?" तिने विचारलं.

"तुम्हाला काय करायचंय?"

"आज हिलाही ऐकायचंय. सकाळी दुसऱ्या कॉलेजातल्या पाच जणी ऐकल्या. एकही मनात भरली नाही."

माझ्या डोक्यात लख्खकन वीज चमकली. पियानोवाल्याची आई! लेकासाठी गाणारी सून हुडकत गावभर फिरतेय! ठीक आहे. हिला अशी पिटाळते की पुन्हा आमच्या पोरीचं नाव काढणार नाही.

"अहो बाई, उगाच वेळ घालवू नका," मी म्हणाले. "आवाज म्हणजे गंजलेली बिजागरी!"

"असं?"

"आणि विसराळू! मागच्या खेपेला भर स्टेजवर शब्द विसरली. आळशी तर इतकी, की तोंड उघडायचा कंटाळा. दिवसभर पेल्यात बुडबुडे काढते!"

"तुम्ही तिच्या कोण?"

इथे मी अक्कल चालवली. "मी? कोणी नाही! माझी नात वेगळी. ती लाखात एक गाते!"

बाईने मला चष्म्यावरून खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि निघून गेली. मोहीम फत्ते!

सभागृहात मी ऐटीत पुढच्या रांगेत बसले. शेजारी सून. समोर परीक्षकांचं टेबल. विभागप्रमुख उठले आणि म्हणाले, "बाहेरून आलेल्या आपल्या मुख्य परीक्षक!"

साखळीचा चष्मा चालत आला आणि मधल्या खुर्चीत बसला.

मी पदर कपाळापर्यंत ओढला!

नात पहिलं गाणं गायली. छान गायली हो! पण संपल्यावर सभागृह थंडगार. तिघंही परीक्षक मान खाली घालून लिहीत सुटलेले. कोणी टाळी वाजवेना! तिथली रीत अशी, की सगळी गाणी संपल्याशिवाय टाळी नाही. मला काय ठाऊक? मला वाटलं, बिजागरी लिहितायत!

मी ताडकन उठले. छत्री धाडकन पडली. "बाई! मघाशी बोलले ते सगळं खोटं! ती माझीच नात आहे!"

"आजी, खाली बसा!" विभागप्रमुख ओरडले. "परीक्षकांशी बोललात तर परीक्षा रद्द होईल!"

सुनेने पदराला धरून मला खाली ओढलं. आणि स्टेजवर पोरगी पांढरीफटक! पियानो सुरू झाला. तिची गायची जागा आली, गेली. तोंड उघडं, शब्द गायब. पुन्हा तेच दुसरं गाणं, पुन्हा तोच खांब! माझ्या हाताने मी तिला हिशेबाच्या कोर्सात ढकललं होतं.

पियानोवाला थांबला नाही. तोच तुकडा पुन्हा वाजवत राहिला, त्याने तिच्याकडे बघितलं आणि मान हलवली.

पोरीने श्वास घेतला. आणि गायली! अशी गायली, की मी परीक्षा संपेपर्यंत श्वास घ्यायला विसरले.

पास! निकाल सांगून त्या बाई थेट माझ्याकडे आल्या. मी छत्रीमागे लपायला बघत होते.

"आजी, मला मघाशीच तुमचा संशय आला होता. जिची इतकी निंदा होते, ती मुलगी हमखास बरी गाते. म्हणून आज कान टवकारून ऐकलं."

बाई माझ्याच पठडीतली निघाली!

एवढ्यात पियानोवाला आला. कडेवर तान्हं मूल, शेजारी बायको. मी ओशाळले, पण हरले नाही. दाढीवाल्याला पुढे ओढलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पोरगा असावा तर असा! सांगितलेलं काम चोख केलं. तिच्यावरून क्षणभर नजर हटली नाही!"

नात लाल झाली. दाढीवाला बाटलीचं झाकण फिरवत राहिला. सुनेने तोंडाला पदर लावला.

"आई," ती हळूच म्हणाली, "फोनवर पियानोवाले कधीच नव्हते."

हल्ली दाढीवाला दर रविवारी घरी येतो. दार मलाच उघडावं लागतं. काय करणार? पहाऱ्यावर मीच नेमलाय ना!