नरवडे सर आणि बारा काळ

फोनवर कुणी ‘आलोच’ म्हणालं, की आमचे शेजारी नरवडे सर उठून दार उघडतात आणि बाहेर बघतात. मागं त्यांच्या मोरीतला नळ गळत होता. प्लंबर रफिक फोनवर म्हणाला, "आलोच सर, बस निकल्या." सर फोन कानाला लावूनच दारापर्यंत गेले.

"आलो म्हणजे भूतकाळ. क्रिया संपली. तू माझ्या दारात पाहिजेस. मी दारात उभा आहे, तू नाहीस. कुठं आहेस?"

"शहागंजमे सर. एक घंटा लगता."

"मग ‘येईन’ म्हण. साधा भविष्यकाळ. त्यात लाजायचं काय?"

तेव्हापासून रफिक आम्हाला ‘आलोच’ म्हणतो आणि सरांना ‘येईन’. उशिरा मात्र दोघांकडंही येतो.

सरांनी पाचोडकडं एका शाळेत जन्मभर इंग्रजी शिकवलं. निवृत्त झाल्यावर बजाजनगरात आमच्या भिंतीला भिंत लावून असलेलं रो-हाऊस घेतलं. बायको त्याआधीच वारलेली. पुढच्या खोलीत तिचा फोटो आहे, पण तिच्याबद्दल सरांना बोलताना कुणी ऐकलं नव्हतं. बोलायचे ते काळांबद्दल. "इंग्रजीत बाराच्या बारा काळ दिलेत, अन् तुम्ही सगळे एकाच काळात संसार करायलात," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

पहिली शिफ्ट सुटली की कंपन्यांमधली आम्ही पाच-सहा पोरं त्यांच्या ओट्यावर बसायचो. मी तिथं कसा पोचलो तेही सांगतो. आमच्या प्लान्टवर परदेशी पाहुणे आले होते. मी छाती काढून सांगितलं, "मशीन इज वर्किंग." पाहुणे खूश होऊन मशीन बघायला निघाले. मशीन आदल्या दिवसापासून बंद, दुरुस्तीला उघडून ठेवलेलं. सरांना हे सांगितलं तर म्हणाले, "नुसतं ‘वॉज’ म्हणाला असतास तर बिचारे चहा पिऊन गेले असते."

त्यांची शिकवण्याची तऱ्हा अशीच. ‘हॅज गॉन’ आणि ‘हॅज बीन’ आमच्या डोक्यात शिरेना. सर म्हणाले, "मॅनेजर हॅज गॉन टू पुणे. म्हणजे गेलाय, अजून तिथंच आहे. आरामात बसा. मॅनेजर हॅज बीन टू पुणे. म्हणजे जाऊन आलाय. हेल्मेट घाला." त्यानंतर हे कुणी चुकलं नाही.

पण शिकवणी ओट्यापुरती राहायची नाही. सोसायटीच्या ग्रुपवर अध्यक्षांनी लिहिलं, ‘टुडे वॉटर विल केम.’ सरांनी खाली लिहिलं, ‘विल असेल तर कम. केम असेल तर विल काढा. आणि पाणी आलं असेल तर तेवढं कळवा.’ पाणी आलंच नाही. अध्यक्षांनी सरांशी महिनाभर बोलणं टाकलं. पुढं सोसायटीतल्याच एका साहेबांच्या निरोप समारंभात भाषण करणारा गहिवरून म्हणाला, "साहेब फार मोठ्या मनाचे होते." सर मागच्या रांगेतून उभे राहिले. "होते? अहो, ते समोर बसून पेढा खातायत!" साहेबांचा पेढा हातातच राहिला.

अशा माणसाला दुःखाच्या घरी बोलवायचं म्हणजे जोखीम. आणि गेल्या हिवाळ्यात ते दुःखाचं घर आमचंच होतं. माझे वडील, अण्णा, झोपेतच गेले. तेरावं झालं, पाहुणे पांगले. पाचोडची आत्या तेवढी आईच्या सोबतीला राहिली. दुपारी सर येऊन बसले. आई भिंतीला टेकून बसली होती. मला म्हणाली, "संतोष, चारचा चहा टाक. अन् ह्यांना साखर अर्धा चमचाच चालते, ध्यानात ठेव."

आत्यानं पदर डोळ्याला लावला. "कमल, आता ‘चालायची’ म्हणावं लागंल बाई. गेला माझा भाऊ. मनाला समजाव."

माझं लक्ष सरांकडं गेलं. आता हे काहीतरी बोलणार.

सर बोललेच. "आत्याबाई, वहिनींचं वाक्य बरोबर आहे."

सर आईकडं वळले. "अर्धा चमचा म्हणजे सपाट का शिगोशीग?"

"सपाट," आई म्हणाली. "जास्त झाली की ओरडतात."

"ओरडणारच," सर म्हणाले.

त्या दिवसापासून सर रोज चारला यायला लागले. अण्णा पेपर पहिल्या पानापासून वाचतात का मागून? भाजी घ्यायला गेले की घासाघीस करतात का? सगळं वर्तमानकाळात. आई सांगत बसायची, मधेच हसायचीही. मला आधी ते विचित्र वाटलं. आत्या तर म्हणाली, "मास्तर तिला येडी करंल." पण सर उठून गेले की आई उठून भाकरी टाकायची आणि स्वतःही दोन घास खायची. हे दिसल्यावर मी गप्प बसलो.

उन्हाळा लागला. एके दिवशी आई पन्ह्यासाठी कैऱ्या सोलत होती. सर समोर खुर्चीवर. बोलता बोलता आई म्हणाली, "ह्यांना पन्हं लई आवडायचं." आणि तिचा हात थांबला. आपण काय बोललो ते तिचं तिलाच कळलं. डोळ्यातून पाणी वाहायला लागलं.

सरांनी खाली पडलेली कैरीची साल उचलून ताटात टाकली.

"आमची ही गेली ना वहिनी," ते म्हणाले, "तर दुसऱ्याच दिवशी मी लोकांना सांगत होतो, ती शांत होती, ती हसरी होती. सगळं भूतकाळात. एक चूक नाही. मास्तर ना मी. लई घाई केली."

एवढं बोलून ते उठायला लागले. आईनं पदरानं डोळे पुसले.

"बसा सर. नाव काय त्यांचं?"

"सुमन."

"काय आवडतं सुमनताईंना?"

इतकी वर्षं व्याकरण शिकवलेला माणूस, पण सरांना क्रियापद सापडेना. परत खुर्चीत बसले. चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, परत घातला.

"तिला ना," ते हळूच म्हणाले, "आंबट लई आवडतं. कैरी तर मीठ लावून तशीच खाते."