स्कूटरवरचं घरटं

सर्दी झाली म्हणून भडकूरावांनी रजा टाकली आणि स्कूटर फाटकाच्या आत नुसती उभी ठेवली. एवढंच त्यांचं चुकलं. ('भडकूराव' हे नाव गल्लीने ठेवलेलं. त्यांना ते मान्य नव्हतं, आणि कानावर पडलं की ते भडकत.) बरं वाटल्यावर हेल्मेट घालून बाहेर येतात तो काय, हँडल आणि पुढच्या काचेच्या बेचक्यात काड्या, सुतळी आणि कापूस यांचं घरटं!

त्यांनी हात पुढे केला मात्र, समोरचे पेन्शनर काका गॅलरीतून ओरडले, "अहो, हात लावू नका! माणसाचा हात लागला की पक्षीण परत येत नाही!"

"मग मी ऑफिसला कसा जाऊ?"

"वसंत ऋतू आहे हो. थोडं सोसावं माणसानं."

वसंत ऋतूने भडकूरावांना आजवर शिंकांखेरीज काहीही दिलेलं नव्हतं. ते वीज कंपनीच्या तक्रारींच्या खिडकीत बसत. दिवसभर लोक वाट्टेल ते तोंडावर बोलत. पण स्कूटरवर बसून हेल्मेट चढवलं की जगातल्या कोणाचंही मत ऐकू येत नसे. जाताना तेवढी आणि येताना तेवढी, अशी काय ती त्यांच्या वाट्याची शांतता. ती आता एका पाखराने बळकावली होती.

ते बसने जाऊ लागले. बसमध्ये लोक त्यांना लगेच ओळखायचे. "तुम्हीच ना हो खिडकीतले? आमच्याकडे रात्रभर वीज नव्हती!" की झाली सुरुवात. भडकूराव खिडकीबाहेर तोंड करून बसत, तर मागचा माणूस खांद्याला हात लावून सांगे. एकदा तर उतरता उतरता कंडक्टरने त्यांना थांबवून आपल्या मीटरची कहाणी ऐकवली. घरी पोचेपर्यंत त्यांचं डोकं भणभणलेलं असे.

आणि घरी कुठे सुटका होती? येणारा-जाणारा फाटकाशी थांबे, स्कूटरकडे कौतुकाने बघे आणि एक मत टाकून पुढे जाई. कोपऱ्यावरच्या शिंपीणबाई म्हणाल्या, ऊन लागतंय, वर छत्री बांधा. (छत्री अर्थातच भडकूरावांची.) दूधवाला म्हणाला, फाटकाचा आवाज करू नका. तेव्हापासून घराचा मालक स्वतःच्या फाटकाच्या फटीतून पोट आत ओढून शिरू लागला. काकांच्या मते तर शिंकणंसुद्धा धोक्याचं होतं.

"हे घर माझं आहे!" भडकूराव गरजले.

"हळू बोला," बायको म्हणाली. "अंड्यांवर बसली असेल ती."

"तू पाहिलीस अंडी?"

"बघायचं नसतं. काकांनी सांगितलंय."

एक दिवस बस चुकली, उशीर झाला आणि साहेबाने सगळ्यांदेखत झापलं. धुमसत भडकूराव घरी आले, तर फाटकावर पुठ्ठ्याची पाटी लावलेली. 'कृपया शांतता राखा. घरमालकांनी विशेष.'

मग मात्र त्यांचा तोल गेला. पाटी टराटरा फाडली, फाटक धाडकन आपटलं, छत्री उपटून फेकली आणि घरट्यात नाकच खुपसलं.

घरटं रिकामं होतं. अंडं नाही, पीस नाही. आत एका कोळ्याने जाळं विणलं होतं, तेही जुनं दिसत होतं.

"रिकामं!" भडकूराव बेंबीच्या देठापासून ओरडले. "या सगळे! बघा! एकानं तरी पाहिलं होतं का पाखरू?"

गल्ली जमली. एकेकाने वाकून पाहिलं. काकांना वाटलं होतं शिंपीणबाईंनी पाहिलंय, आणि शिंपीणबाईंना वाटलं होतं काकांनी. दूधवाल्याने फक्त दोघांचं ऐकलं होतं. भडकूराव कमरेवर हात ठेवून उभे राहिले. आता माफी मागितल्याशिवाय ते एकालाही सोडणार नव्हते.

शिंपीणबाईंनी सुस्कारा सोडला. "बिचारी. किती हौसेनं बांधलं होतं घर! पण हा असा आरडाओरडा ऐकून कोण राहील इथे?"

सगळ्यांना ते एकदम पटलं.

"काहीतरीच काय!" बायको नवऱ्याच्या बाजूने पुढे सरसावली. "मी राहतेच आहे ना इतकी वर्षं?"

"अहो वहिनी," शिंपीणबाई म्हणाल्या, "तुम्हाला कुठे पंख आहेत?"

बायको यावर काहीतरी सणसणीत बोलेल म्हणून भडकूराव वाट पाहत राहिले. ती विचारात पडली होती.