लंगड्या बगळ्याचं अरुंद दार

इमारत जुनी झाली की तिच्या खोडींना वैशिष्ट्ये म्हणतात. माणूस जुना झाला की त्याच्या वैशिष्ट्यांना खोडी म्हणतात.

या न्यायाने इंग्लंडातल्या सफोकमधल्या थ्रेपवेल गावचा ‘लंगडा बगळा’ हा पब वैशिष्ट्यांनी नुसता खच्चून भरला होता. जमीन उतरती (टेबलावरचा ग्लास आपणहून शेजाऱ्याकडे जातो, गावातल्या सलोख्याचं कारण हेच). तुळई कपाळाच्या उंचीवर. शेकोटीचा धूर धुराडं सोडून सगळीकडून बाहेर पडणारा. आणि दार इतकं अरुंद, की पाद्रीबाबासुद्धा तिरके होऊन आत येत. सरकारने हे सारं संरक्षित केलं होतं आणि मालकीण हेस्टर पंफ्रीला त्याचा कोण अभिमान!

मग तिचे वडील अ‍ॅम्ब्रोज यांचं खुब्याचं हाड मोडलं. चाकाची खुर्ची आली, ती दारात अडकली. उभा जन्म शेकोटीशेजारी बिअर पीत बसलेला म्हातारा आता बाहेर गारठ्यात बसून खिडकीतून आपल्या कोपऱ्याकडे बघू लागला. हेस्टरला ते बघवेना. तिने दार वीतभर रुंद करायची परवानगी मागितली.

वारसा-अधिकारी ऑब्रे टिंडल आले. तुळईवर कपाळ आपटलं (“अस्सल!” ते कळवळून म्हणाले). मग त्यांनी दार मापलं.

“बाई, या दाराला हात लावणं म्हणजे इतिहासाचा खून.”

“अहो साहेब, माझा बाप बाहेर कुडकुडतोय, त्याचं काय?”

“त्यांची आमच्याकडे नोंद नाही. बिअरच्या पिंपांची आहे. ती तळघराच्या झडपेतून शतकानुशतकं आत येतात. तो मार्ग कुणालाच अडवता येणार नाही.”

हेस्टरने बापाकडे नीट पाहिलं. आकारात फारसा फरक नव्हता.

दुसऱ्या दिवशी सगळं गाव लोटलं. दोर आवळले, झडप उघडली आणि अ‍ॅम्ब्रोज फळीवरून घरंगळत खाली निघाले.

“अगं पोरी, हळू! आत बिअर नाहीये, मी आहे!”

“बाबा, पोट आत घ्या आणि गप्प बसा!”

तळघरातून कप्पीने वर ओढताच गल्ल्यामागे त्यांचं टक्कल उगवलं. एकच जल्लोष झाला. म्हातारा आपल्या कोपऱ्यात बसला आणि हेस्टर हसता हसता रडायला लागली.

बघायला आलेल्या टिंडलसाहेबांचेही डोळे भरून आले. पारंपरिक मार्गाने आत आलेली वस्तू ही मूळ वास्तूचाच भाग, असं जाहीर करून त्यांनी अ‍ॅम्ब्रोजना जागच्या जागी संरक्षण दिलं. यापुढे त्यांना हलवणं, रंगवणं किंवा त्यांच्यावर खिळे ठोकणं यांना मनाई. हेस्टर ग्लास भरून आली, तोच साहेबांनी तिचा हात धरला.

“बाई, ओल! जुन्या वास्तूला ओल फार वाईट.”

“अहो, ते प्यायलाच आलेत की हो आत!”

“त्यासाठी अर्ज करा.”

अर्ज विचाराधीन आहे. लांबलांबून माणसं येतात, फोटो काढतात, “काय जपलंय हो!” म्हणतात. अ‍ॅम्ब्रोज प्रत्येकाला विचारतात, “एक घोट देता का?” लोकांना त्या आवाजातला जुनेपणा फार आवडतो.

तुम्हालाही हसू आलं ना? त्यांनी आत्ता तुमच्याकडेच मागितला होता.