धुरीकाकांचे पाहुणे

आमच्या ऑफिसात धुरीकाका म्हणून एक गृहस्थ आहेत. ते समोर नसलेल्या माणसांना 'या, बसा' म्हणतात.

नोकरीच्या पहिल्या दिवशी मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर पर्स आपटली, तर त्यांनी तोंडावर बोट ठेवलं. "हळू गो. आत एकवीस माणसां आसत." खोलीत आम्ही दोघंच होतो. खोलीला खिडकी नाही. पूर्वी तिथे सर्व्हर असायचे आणि एसी अजून त्यांच्याच मापाने चालतो. मी मागे वळून पाहिलं. मागे एक कपाट होतं, तेही बंद. काका स्क्रीनकडे बघत होते. स्क्रीनवर मोठ्ठा एकवीस होता आणि माझ्या डोळ्यांदेखत त्याचा बावीस झाला.

"येवा, बसा," काका त्या आकड्याला म्हणाले.

आमचं विद्यापीठ खाजगी आहे, मुलुंडला. त्याच्या मार्केटिंग विभागात मी आणि धुरीकाका वेबसाइटवर कोण आलं, कुठून आलं, काय बघितलं, किती वेळ थांबलं आणि फॉर्म न भरता का पळालं, याचा हिशोब ठेवतो. या क्षणी साइटवर किती जण आहेत हे दाखवणारी एक स्क्रीन असते. जग तिला डॅशबोर्ड म्हणतं. धुरीकाका तिला ओटी म्हणतात. कोकणातल्या घराची ही पुढची जागा, आल्यागेल्याला बसवायची. त्यांच्या मते वेबसाइटलाही ती असतेच, फक्त बसलेले दिसत नाहीत.

काका मूळचे मार्केटिंगचे नाहीत. त्यांनी अर्धं आयुष्य प्रवेशाच्या खिडकीत माहितीपुस्तकं वाटली. प्रवेश ऑनलाइन झाले, खिडकीला प्लायवूड ठोकलं गेलं, आणि काकांचं करायचं काय म्हणून त्यांना आमच्याकडे पाठवलं. सगळ्यांना वाटलं, निवृत्तीपर्यंत पेपर वाचतील. त्यांनी सहा महिन्यांत सगळं शिकून घेतलं, पण आपल्या भाषेत. पहिलंच पान बघून पळणाऱ्यांसाठीचा 'बाउन्स रेट' हा शब्द त्यांनी कधी उच्चारला नाही. मीटिंगमध्ये ते उभे राहून गंभीरपणे सांगायचे, "मॅडम, काल चौदा माणसां उंबऱ्यावरसून परत गेली. पाणी इचारूक कोण नव्हता." आमच्या हेड अरोरा मॅडम पंजाबी. त्यांना वाटायचं पाण्याची तक्रार आहे. दोनदा त्यांनी कूलरवाल्याला फोन लावला होता.

प्रवेशाच्या हंगामातली पहिली जाहिरात सोडायच्या आधी काका गाऱ्हाणं घालायचे. कॉम्प्युटरपुढे नारळ ठेवून, हात जोडून, खणखणीत आवाजात. "बा देवा म्हाराजा, आज ही जी काय जाहिरात सोडतंव, ती बारा गावच्या बारा मोबाइलांत पोचूं दे रे म्हाराजा!" आम्ही ओरडायचो, "होय म्हाराजा!" "कोणी वाकडी कमेंट घातली असात, ती तेची तेका परत जावं दे रे म्हाराजा!" "होय म्हाराजा!" "जो कोण फॉर्म अर्धो सोडून गेलो असात, तेका रात्री झोप लागां नको रे म्हाराजा!" यातला सगळ्यात मोठा 'होय म्हाराजा' अरोरा मॅडमचा असायचा.

इथपर्यंत मजा होती. पण हळूहळू मला काकांच्या शेजारी बसायची भीती वाटायला लागली.

एकदा ते स्क्रीनवरच्या नकाशातल्या एका ठिपक्याकडे बोट दाखवून म्हणाले, "ह्या चेडू उद्या येतला. आवशीक घेवन." मी म्हटलं, "काका, काहीही काय?" दुसऱ्या दिवशी अकरा वाजता एक मुलगी आणि तिची आई वाकोल्याहून रिक्षा करून गेटवर हजर. काकांनी मला समजावलं. मुलीने फी बघितली, हॉस्टेल बघितलं, परत फी बघितली, मग बराच वेळ काहीच हललं नाही, म्हणजे कोणाला तरी विचारत होती, आणि शेवटी नकाशा उघडला. हे पटण्यासारखं होतं. न पटण्यासारखं एवढंच, की काका तिला बघायला खुर्चीतून उठलेही नाहीत. "समोर इलेलो माणूस तुमचो," ते म्हणाले. "माझो तो, जो आत आसा."

आणि मग तो तीन-दहाचा प्रकार.

रोज दुपारी तीन वाजले की काका माउसवरचा हात काढून घ्यायचे. कोणी साइटवर काही बदल करायला गेलं तर खेकसायचे, "साडेतीनपर्यंत हात लावूचो नाय." तीन दहाला एका पानावर एक पाहुणा यायचा. ते पान कधीच्या बंद पडलेल्या डिप्लोम्याचं होतं. मेनूमधून काढलेलं, गूगलला न सापडणारं, त्यावर जायला साइटवर कुठूनही रस्ता नाही. तरी पाहुणा थेट तिथेच यायचा, दहा-बारा मिनिटं थांबायचा, दुसरं कुठलंही पान न उघडता जायचा. तो कुठून येतो या रकान्यात 'नॉट सेट' एवढंच दिसायचं.

"काका, हे कोण?"

"राखणदार," काका म्हणाले. "प्रत्येक जागेक असता. तेच्या वाटेत जावचा नाय."

"राखणदार सुट्टी घेतो का हो?" मी विचारलं, कारण मी मागची नोंद काढली होती. वर्षातून एकच दिवस तो आला नव्हता, नारळी पौर्णिमेला.

काका हसले नाहीत. "घेतल्यान असात," म्हणाले आणि विषय बदलला.

दिवाळीत ऑफिस बंद होतं. मी घरी फराळ करता करता सहज लॅपटॉपवर ओटी उघडली. तीन वाजून नऊ मिनिटं. संपूर्ण साइटवर शून्य माणसं. मग एक. त्याच पानावर. मी ते पान उघडलं. जुनाट निळी पट्टी, खाली 'विद्यार्थिनीचं मनोगत' असा एक छोटा व्हिडिओ. एक सडपातळ मुलगी प्रयोगशाळेत उभी राहून पाठ केलेलं बोलते, मध्येच अडखळते, फिसकन हसते आणि कॅमेऱ्यामागच्या कोणाला तरी म्हणते, "परत घेऊया ना?" बस्स. स्क्रीनवर आता एकाचे दोन झाले होते. दुसरी मी होते हे मला माहीत होतं, पण त्या पहिल्यासोबत एकाच खोलीत बसल्यासारखं वाटलं आणि मी झटकन झाकण लावलं. आईने विचारलं, "काय गं, चकली लागली का घशाला?"

पुढचं सगळं माझ्या हातून झालं, म्हणून ते मीच सांगायला हवं.

त्या वर्षी प्रवेश थंड होते. अरोरा मॅडमने नवी यंत्रणा आणली. साइटवर कोण किती वेळा आलं, किती थांबलं यावरून ती प्रत्येकाला गुण देते, आणि त्या कॉम्प्युटरवरून पूर्वी कधी फॉर्म भरला असेल तर नाव आणि फोन नंबर शोधून यादी करते. जास्त गुण म्हणजे प्रवेश घ्यायला अगदी टेकलेला माणूस, त्याला आधी फोन. यादी आली तेव्हा संध्याकाळ झाली होती, काका घरी गेले होते. पहिल्या नंबरावर, शंभरपैकी शंभर, गौरी तांडेल, खारदांडा. मला वाटलं, झकास, पहिला मासा माझा. मी फोन लावला.

"नमस्कार, गौरी तांडेल बोलतायत का?"

एका बाईंचा आवाज. "कोण पायजे?"

"गौरी मॅडम. त्यांनी आमच्या कोर्समध्ये इंटरेस्ट दाखवलाय."

"कधी?"

"आजच. रोजच दाखवतात. रोज दुपारी तीन दहाला येतात आमच्याकडे."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. मग त्या बाई अगदी हळू म्हणाल्या, "गौरी येते?"

"हो, रोज," मी म्हटलं. देवाशपथ सांगते, मी हसत म्हटलं.

"चार वर्सं झाली गं तिला जाऊन," बाई म्हणाल्या. "तापाने गेली." त्यांचा श्वास ऐकू येत होता. मग त्या स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "तीन दहाला तर मी असते. बाजारातून येते, साबणाने दोनदा हात धुते आणि तिचा लॅपटॉप उघडते. मासळीचा वास लागलेला तिला चालायचा नाय. मला एवढंच उघडता येतं, तिनेच शिकवलं. बटण दाबलं की ती हसते." आणि एकदम घाबरून म्हणाल्या, "तुम्ही बघता काय मला?"

मी सॉरी म्हटलं आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी तीन दहाला शून्य. तिसऱ्या दिवशी शून्य. चौथ्या दिवशी काका चष्मा पुसत होते, पुन्हा घालत होते, पुन्हा काढत होते. माझ्याच्याने बघवेना. मी त्यांना सगळं सांगितलं, एकही शब्द न गाळता. मला वाटलं आता शिव्या खाणार, आणि खायचीच तयारी होती.

काकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. घाटकोपरला दोन खोल्यांत ते एकटे राहतात. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा दुबईला, त्याचा फोन गणपतीला येतो. हे सगळं मला माहीत होतं, पण त्यांच्या तोंडाकडे बघून ते त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं. शेवटी त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली.

"आवाज कसो होतो गो तेंचो?"

"काय?"

"आवाज. चार वर्सां येतत. कधी आयकूक नाय."

मला रडू आलं. मी सांगितलं, आवाज जरा घोगरा होता, बाजारात ओरडणाऱ्या बाईचा असतो तसा. पण हळू बोलत होत्या. मागे कुकरची शिट्टी झाली होती. काका गावाकडची खबर ऐकावी तसे मान हलवत ऐकत होते. कुकर किती वाजता लावतात, हेसुद्धा त्यांनी विचारलं.

त्यांना सगळं आधीपासून माहीत होतं. नारळी पौर्णिमेवरून कोळीवाडा कळला होता, रोज व्हिडिओतली तीच बारा सेकंदं पुन्हा पुन्हा चालायची त्यावरून आई कळली होती. मुलगी तर त्यांना पाठच होती, कारण व्हिडिओ काढताना कॅमेऱ्यामागे तेच उभे होते. साइट नवी झाली तेव्हा ते पान पुसायच्या यादीत होतं, काकांनी ते यादीतून गुपचूप उचललं होतं. राखणदाराची गोष्ट त्यांनी ऑफिसला एवढ्यासाठीच सांगितली, की भुताच्या नादी कोणी लागत नाही.

"आता एक काम कर," काका म्हणाले. "त्या पानावरसून मोजणीचो कोड काढून टाक."

"काका, मग त्या आल्या तरी आपल्याला कळणार नाही. कधीच नाही."

"नाय कळूचा."

"तुम्हालासुद्धा नाही."

"पाहुण्याक असा टक लावन बघूचा नसता गो," ते म्हणाले. "माझीच चूक. माका सवय झाली हुती."

मी कोड काढला. दोन ओळी होत्या. यादीतलं नावही पुसलं. अरोरा मॅडमने मीटिंगमध्ये विचारलं, "वो हंड्रेड वाली कहाँ गई?" काका उभे राहिले आणि आयुष्यात पहिल्यांदा शुद्ध मराठीत म्हणाले, "ती नोंद चुकीची होती."

मग मी खारदांड्याला पुन्हा फोन केला. या वेळी काका शेजारी होते, पण फोन स्पीकरवर ठेव असं ते म्हणाले नाहीत. मी बाईंना सांगितलं की पान आहे तिथेच आहे, कोणी काढणार नाही, आणि आता कोणी बघतही नाही. त्या म्हणाल्या, "मला वाटलं परवानगी लागते. म्हणून बंद केलं." मी म्हटलं, "नाही हो मावशी, काही लागत नाही." त्या "बरं" म्हणाल्या. मी विचारलं नाही, पुन्हा उघडणार का. काकांनी मला तसं बजावलं होतं.

त्या दुपारी तीन वाजले. काकांनी सवयीने माउसवरचा हात काढला. स्क्रीनवर इतर पानांवरची नऊ माणसं होती, आणि ते पान आता तिथे दिसणारच नव्हतं. तीन वाजून आठ मिनिटांनी ते खुर्चीतून उठले. त्या वेळेला त्यांना उठलेलं मी कधीच पाहिलं नव्हतं. त्यांनी स्क्रीन बंद केली, एसी थोडा कमी केला आणि दाराशी जाऊन माझ्याकडे वळून बघितलं.

"चल, खाली जावया," ते हळू आवाजात म्हणाले. "येत असतीत. आपण हयसर बसाक नको."