एक हेडफोन, चार कान

१९८६ च्या ऑक्टोबरात जयश्रीचा उजवा कान एवढा सुजला, की त्यावर हेडफोन बसेना. डहाणू तालुक्यातल्या एका टेलिफोन एक्स्चेंजात ती ऑपरेटर होती. (गावाचं नाव सांगत नाही, तिथले लोक माझे ट्रंक कॉल जोडायचे बंद होतील.) तिथे ऑपरेटर तीन आणि हेडफोन एक. पाळी संपली, की घामाने ओला झालेला स्पंज या कानावरून त्या कानावर जाई.

स्वतंत्र हेडफोनसाठी जयश्रीने तीन अर्ज केले होते. तिन्हींवर एक्स्चेंजचे प्रमुख सावेसाहेब यांचा एकच शेरा होता : 'चालू हेडफोन चालू आहे.'

"साहेब, कानाला हात लावला तरी डोळ्यांत पाणी येतं."

"मग लावता कशाला?" साहेब म्हणाले.

सीनियर ऑपरेटर मनोरमाबाईंना दया आली. त्यांनी लसणीचं तेल कोमट करून तिच्या कानात ओतलं. निम्मं कानात राहिलं, निम्मं तिने कसाबसा चढवलेल्या हेडफोनच्या स्पंजाने प्यायलं. तिसऱ्या दिवशी मनोरमाबाईंचा कान सुजला. "आमच्या खानदानात कानाचं दुखणं नाही," असं म्हणून तिसरा ऑपरेटर शैलेश याने तोच हेडफोन चढवला. चौथ्या दिवशी खानदानात कानाचं दुखणं आलं.

तिघं दवाखान्यात रांगेने बसली. डॉक्टरांनी कानात बॅटरी मारली.

"कानात काय घालता?"

"हेअरपिन," जयश्री म्हणाली.

"टाचणी," मनोरमाबाई म्हणाल्या.

"स्कूटरची चावी," शैलेश म्हणाला. "साहेबांच्या."

"आत खरचटलंय, त्यावर ओला स्पंज. जंतूंना आणखी काय पाहिजे? पडदे शाबूत आहेत, नशीब समजा! तेल बंद, कोरणं बंद. कान कोरडा ठेवायचा, लिहून देतो ते थेंब घालायचे, दुखलं तर गोळी. आणि आठ दिवस हेडफोन नाही."

तीन सर्टिफिकिटं एकदम टेबलावर पडली. बोर्डावर बसायला उरले एकटे सावेसाहेब.

"एवढंसं तर काम!" म्हणत ते बसले. दोन दिवस नरपडचे चिकूवाले त्यांच्या कानात ट्रकसाठी ओरडत होते. तिसऱ्या दिवशी चौथा अर्ज घेऊन जयश्री आली, तेव्हा साहेब पंख्याखाली मफलर गुंडाळून बसले होते.

"थंडी वाजतेय साहेब?"

"वरच्या ऑफिसला कॉल लावा. लाइटनिंग, सगळ्यांच्या आधी लागणारा!"

जयश्रीने बऱ्या कानाला साधा रिसीव्हर धरून कॉल जोडला. साहेबांनी मफलर सोडला. आत कान नव्हे, टम्म बटाटावडा.

"चार हेडफोन पाठवा! आजच! कोण म्हणतं चालू आहे?... मीच लिहिलंय? हो, अक्षर माझं आहे! कान पण माझाच आहे!"

शेजारच्या किराणा दुकानातली गिऱ्हाइकं बाहेर येऊन ऐकत उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी जीपमधून चार कोरे हेडफोन आले. जुना जमा केल्याशिवाय नवे मिळत नाहीत, म्हणून जुना स्पंजासकट त्याच जीपने वर गेला.

सुट्टीचे आठ दिवस भरल्यावर जयश्री बरी होऊन पाळीवर आली. तिने आपल्या हेडफोनवर लाल शाईने नाव लिहिलं, राणीने मुकुट चढवावा तसा तो चढवला आणि पहिला कॉल घेतला. पलीकडे वरच्या ऑफिसची ऑपरेटर कण्हत होती.

"ताई, तुमच्याकडे कानाचा डॉक्टर कोण आहे हो?"

"धरून ठेवा," जयश्री म्हणाली, "पण डाव्या कानाला."