अपक्ष बायको आणि माझी पक्षांतर्गत क्रांती

राजकारणातलं मला सगळं कळतं. ही बढाई नाही, माहिती आहे! शहरातल्या सगळ्यात मोठ्या पक्षाचा मी जुना कार्यकर्ता. सतरंज्या मी उचलल्या, खुर्च्या मी मांडल्या आणि दर निवडणुकीत त्या खुर्च्यांवर अध्यक्षसाहेबांचा कुणी ना कुणी नातेवाईक येऊन बसला. आधी मेहुणा, मग पुतण्या. या वेळी आमच्या वॉर्डात जावई येणार अशी कुजबुज सुरू झाली आणि माझं टाळकं सरकलं.

"उमेदवार कार्यकर्ते ठरवतील! पेटी ठेवा, मतं घ्या!" अशी मागणी करत मी पक्षातल्या पक्षात सुधारणा गट काढला. गटाचं मुख्यालय सलूनमध्ये, कारण गटाचा दुसरा सभासद सलूनवाला होता. तो गिऱ्हाइकाच्या गळ्यावर वस्तरा टेकवून प्रेमाने विचारायचा, "पेटी हवी ना?" त्यामुळे आमचा पाठिंबा झपाट्याने वाढला.

साहेब मात्र ढिम्म. मग मी डाव टाकला. वॉर्डात एक अपक्ष उभा करायचा. तो पक्षाची मतं खाणार म्हटल्यावर साहेब घाबरणार आणि पेटी ठेवणार. पेटी आली की अपक्षाने माघार घ्यायची. फक्त अपक्ष असा हवा, की मी म्हटल्याबरोबर मुकाट्याने बाजूला होईल. असं माणूस मला घरातच सापडलं. इथे मी पहिली माती खाल्ली!

माझी बायको ड्रायव्हिंग स्कूल चालवते. अर्धा वॉर्ड तिच्या हाताखालून गेलाय. ती "ब्रेक!" म्हणाली, की पायी चालणारेसुद्धा जागच्या जागी थांबतात.

"अगं, नुसता अर्ज भरायचा," मी म्हणालो. "मी सांगेन तेव्हा माघार घ्यायची."

"अहो, रिव्हर्स कधी टाकायचा ते मी सांगते लोकांना."

मला वाटलं, गंमत करतेय.

तिचं पहिलं भाषण मीच लिहिलं. जीव ओतून लिहिलं! 'हा पक्ष एका माणसाच्या खिशात आहे. त्या खिशातून निघालेला उमेदवार निवडून आला, की परत खिशातच जातो!' टाळ्यांनी सभागृह दणाणलं. दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांची गाडी आमच्या दारात हजर.

"बंड पुरे," साहेब म्हणाले. "तिकीट तुलाच. वहिनींना माघार घ्यायला लाव."

"आणि पेटी?"

"पेटीचं पुढच्या वेळी बघू."

खोटं कशाला बोलू? तिकीट म्हटल्यावर मला माझंच पोस्टर दिसायला लागलं, हात जोडलेलं, केस काळे केलेलं. मी हो म्हणून बसलो!

माघारीच्या दिवशी दुपारी दाढी करायला गेलो. सलूनवाल्याने एक गाल उरकला आणि विचारलं, "भाऊ, तिकीट घेतलंत म्हणे. पेटीचं काय?"

"पुढच्या वेळी रे!"

त्याने वस्तरा पुसून ठेवला. "मग हा गालही पुढच्या वेळी."

तसाच घरी आलो. बायको म्हणाली, "चला माघार घ्यायला. पण मी क्लास बुडवत नाही. गाडी शिकाऊ माणूस चालवेल." बघतो तर स्टिअरिंगवर सलूनवाला! मी मागे बसलो, अर्ध्या दाढीनिशी.

गाडी निघाली. म्हणजे निघाली, बंद पडली, निघाली, पुन्हा बंद पडली.

"क्लच हळू सोडा," बायको म्हणाली.

"हळूच सोडतोय वहिनी, पण गचके देतोय."

चढावर तर आम्ही मागे यायला लागलो! काठी टेकत चाललेले एक आजोबा आम्हाला मागे टाकून गेले.

"कचेरी बंद होईल!" मी किंचाळलो. "थांबवा, मी पळत जातो!"

"पळून काय करणार?" बायको म्हणाली. "सही माझी लागते. बसा खाली."

बसलो. सगळा वॉर्ड बसतो, मी कोण लागून गेलो? पोचलो तेव्हा शिपाई दाराला कुलूप लावत होता. पुढे काही दिवसांत सलूनवाला ड्रायव्हिंगच्या परीक्षेत पहिल्या फटक्यात पास झाला. त्याच चढावर, एकही गचका न खाता! तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

आता एका घरात दोन उमेदवार. माझी प्रचाराची गाडी भोंगा वाजवत भुर्रकन निघून जायची. तिच्या शिकाऊ गाड्या इतक्या हळू चालायच्या, की लोक पोस्टर दोनदा वाचून वर तिची ख्यालीखुशाली विचारायचे. आणि माझ्या सभेत एकच प्रश्न, "खिशातून निघालेला उमेदवार तो कोण?" मीच लिहिलेलं वाक्य माझ्यावरच उलटलं. इतकं बिनतोड लिहायला नको होतं!

मी पडलो. चारी मुंड्या चीत! बायको दणदणीत मतांनी निवडून आली. आणि मजा बघा, नगरपालिकेत बहुमताला पक्षाला नेमका एक माणूस कमी पडला. साहेबांची गाडी पुन्हा आमच्या दारात. या वेळी मला ओलांडून ते थेट आत गेले.

"वहिनी, आमच्यात या."

"येते. पण यापुढे पक्षाचे उमेदवार आणि पदाधिकारी कार्यकर्ते निवडणार. पेटीत मतं टाकून. आत्ता लिहून द्या."

साहेबांनी घाम पुसला आणि सही केली! ज्या पेटीसाठी मी घसा फोडून घेतला होता, ती हिने बसल्या जागी मिळवली. मला रडूच फुटलं. आनंदाने हो! सलूनवाल्याने मला खांद्यावर घेऊन वॉर्डभर नाचवलं आणि फुकट दाढी करून दिली. दोन्ही गाल!

पेटीतली पहिली निवडणूक वॉर्डप्रमुखाची. उमेदवार दोन, मी आणि सलूनवाला. पेटी उघडली. सगळी मतं सलूनवाल्याला, मला एक! चळवळ जिंकली, नेता तेवढा पडला. पण ते एक मत बघून माझी छाती फुगली. परतताना गाडीत मी बायकोला म्हणालो, "अगं, मी स्वतः मोठ्या मनाने सलूनवाल्याला मत दिलं होतं. तरी मला एक पडलं! पक्षात मला मानणारं कुणीतरी आहे अजून!"

तिने आरसा नीट केला. "फार फुगू नका. घाईघाईत माझा शिक्का भलत्याच चौकोनात पडला."

इतक्या वर्षांत मी हिला घाईत पाहिलेलं नाही. गुपचूप पट्टा लावला आणि घर येईपर्यंत एकटाच हसत बसलो.