पहिली चढाई कुणाची

नागपंचमीला एकच दिवस उरला होता आणि हुतुतूत पहिली चढाई कोण करणार, हे खैरपाड्यात अजून ठरलं नव्हतं. संघाचा म्होरक्या गोमादादा दिवसातून चार वेळा नदीवर जाऊन यायचा. नदीवर त्याचं काम काही नसायचं. पण घरात बसलं की देवजी यायचा आणि ओट्यावर बसलं की यमाजी.

"दादा, पयला मीच ना?" देवजी विचारायचा.

"बघू."

"दादा, देवजी पयला गेला तर मी खेळायचा नाय," यमाजी सांगायचा.

"बघू रे!"

दोघं एकाच वयाचे, शेजारशेजारच्या घरांतले. देवजी उंच, अंगाने सडपातळ, हातात यायच्या आत निसटणारा. यमाजी बुटका, पण त्याला कुणी धरलंच तर धरणाऱ्याला ओढत तो रेषेवर नेऊन ठेवायचा. समोर वाशिंदचा संघ होता, सलग तीन वर्षं जिंकलेला. पहिल्या चढाईतच त्यांचे दोन गडी मारले तर यंदा काही आशा होती.

भांडण आता घरांत शिरलं होतं. दोघांच्या बायकांनी एकमेकींकडून चुलीसाठी विस्तव मागणं बंद केलं होतं. यमाजीची आई धोंडीबाई गुडघ्यांनी अधू, दिवसभर ओटीवर बसून असायची. देवजी अंगणातून जाताना दिसला की ती कुणाला तरी सांगितल्यासारखं म्हणायची, "आला बग शेवग्याचा शेंगटा!"

शेवटी गोमादादाने दोघांना सकाळीच नदीवर नेलं.

"हितनं निघायचं. एका दमात हुतुतू म्हनत गावातनं मारुतीपर्यंत पळायचं. ज्याचा दम आधी तुटंल तो दुसरा. मधी कोनाशी बोलायचं नाय. बोलला की दम गेला!"

गोमादादाने हात खाली केला आणि दोघं सुटले.

त्या आठवड्यात पाऊस थांबलाच नव्हता. गावाच्या वरच्या अंगाला तानसाचं धरण काठोकाठ भरलं होतं. तिथे मजुरीला जाणारा नवसू रोज संध्याकाळी येऊन पाणी किती चढलं ते हाताने दाखवायचा आणि रोज त्याचा हात थोडा वर जायचा. काल तो कपाळाला लागला होता. गावाला रात्रभर नीट झोप नव्हती.

अशा सकाळी नदीकडच्या पहिल्या घरातल्या भागीने दारात उभं राहून पाहिलं, तर नदीकडून देवजी आणि यमाजी जीव खाऊन पळत येत होते. डोळे बाहेर आलेले, तोंडातून नुसतं "तूतूतूतू".

"काय झालं रे?" भागी ओरडली.

देवजीने मान हलवली. यमाजीला वाटेतून ती बाजूला व्हायला हवी होती, म्हणून त्याने दोन्ही हात जोरात हलवले.

"अरे, पानी आलं काय?"

"तूतूतूतू!"

भागीने हातातला खराटा टाकला. "धरन फुटलं गो! बायांनो, पळा!"

पुढचं सगळं आपोआप झालं. कुणी पोर उचललं, कुणी तांदळाचं गाठोडं. एका म्हाताऱ्याने घरातलं काही न घेता दाराची कडी तेवढी नीट लावली. सगळा गाव मागच्या टेकडीकडे धावला.

देवजी आणि यमाजी मारुतीपाशी पोचले, तेव्हा दोघांचे दम एकदमच तुटले.

"तुझा आधी गेला!" यमाजी धापा टाकत म्हणाला.

"तुझाच!" देवजी म्हणाला. मग त्याने मागे पाहिलं. "पन ही मानसं कुठं पळतात?"

"धरन फुटलं!" जाता जाता कुणीतरी ओरडलं.

दोघांची तोंडं पांढरी पडली. आपण नदीवरूनच आलो, हे कुणालाच आठवलं नाही. दोघं घराकडे सुटले.

टेकडीची चढण चिखलाने बुळबुळीत झाली होती. चार पावलं वर गेलं की दोन पावलं खाली. तरी घटकाभरात गाव माथ्यावर जमला आणि माणसं मोजू लागला. तेवढ्यात खालून गोमादादा शांतपणे चढत आला. गावात गेला तर चिटपाखरू नव्हतं, चुलीवरच्या भाकऱ्या मात्र करपत होत्या, म्हणून तो माणसांचा माग काढत आला होता.

"दादा, पानी कुठवर आलं?" नवसूने विचारलं.

"पानी? नदीत हाय."

"धरन फुटलं ना?"

"कोन बोलला?"

सगळ्यांनी भागीकडे पाहिलं. भागीने यमाजीकडे बोट केलं. "यानीच हात हलवून सांगितलं."

"मी कुठं? मी हुतुतू बोलत होतो!"

टेकडीवर शिव्या सुरू झाल्या, त्या बराच वेळ चालल्या. गोमादादाने मान खाली घालून त्यातल्या अर्ध्या आपल्याकडे घेतल्या.

"मरू दे ती चढाई," तो शेवटी म्हणाला. "दोघंबी नको. तिसराच कोनी..."

"देवजी जाईल पयला," मागून आवाज आला.

धोंडीबाई एका दगडावर बसली होती. चिखलाचा एक थेंबही तिच्या अंगावर नव्हता.

"हा मला पाठीवर घेऊन चढला. मी त्याला सगळी चढन शिव्या दिल्या आनि त्यानी एकेक शिवी परत केली. चढताना, मला घेऊन! असा दम हाय कोनाचा?"

यमाजी रडवेला झाला. "आये, तू माझी आय, का त्याची?"

"तुझीच रे. पन तू बकरी घेऊन पळालास."

यमाजीच्या काखेतली बकरी ओरडली. त्याने ती हळूच खाली ठेवली. "मला वाटलं, हौशी तुला आनील," तो पुटपुटला. त्याच्या बायकोला, हौशीला, वाटलं होतं, यमाजी आणील. पहिली चढाई देवजीची ठरली.

नागपंचमीच्या सकाळी वाशिंदचा संघ रेषेपलीकडे उभा राहिला, तेव्हा देवजी मात्र घरात पालथा पडला होता. कंबर धरली होती आणि त्याला नुसतं कुशीवर वळतानाही ओरडावं लागत होतं. पहिला यमाजीच गेला. त्याने एका दमात तीन गडी मारले, रेषेवर परत आला आणि गर्दीत आईला शोधू लागला.

ती तिथे नव्हती. शेजारच्या घरात देवजीच्या कमरेला ती कोमट तेल चोळत होती.

"हलू नको रे, शेंगट्या!"

"म्हातारे, हळू!"

मैदानावरची आरोळी तिथपर्यंत ऐकू आली. दोघांनीही क्षणभर कान दिला.

"माझाच पोरगा असंल," धोंडीबाई म्हणाली आणि पुन्हा वाटीत बोटं बुडवली.